व्हीलॅन मिसमॅचची वॉर्निंग: आकडा बदलण्याआधी काय बघायचं आणि कोणत्या टोकापासून सुरुवात करायची

स्विचच्या लॉगमध्ये दर मिनिटाला एकच ओळ येत राहते:

‘सीडीपी-४-नेटिव्ह_व्हीलॅन_मिसमॅच: नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच डिस्कव्हर्ड ऑन गिगाबिटइथरनेट ०/२४ (१), विथ गोदाम-स्विच गिगाबिटइथरनेट ०/१ (९९)’

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या आत पाडलेले वेगवेगळे नेटवर्क, प्रत्येकाला एक आकडा. सीडीपी म्हणजे सिस्कोच्या उपकरणांनी शेजाऱ्याला आपली ओळख सांगायची पद्धत. कंसातले आकडे दोन टोकांच्या व्हीलॅनचे: इथे १, समोर ९९. नेट चालू असतं, कॅमेरे दिसत असतात, कोणाची तक्रार नसते, म्हणून ही ओळ महिनोन्महिने तशीच राहते. मग कधीतरी कोणीतरी वैतागून ज्या स्विचवर लॉगिन आहे त्याच स्विचवर कंसातला आकडा बदलतो आणि पलीकडचा मजला गायब होतो. दोन आकडे सारखे करायला दहा सेकंद लागतात. त्यातला बरोबर कोणता आणि आधी कुठल्या टोकाला हात लावायचा, हे ठरवण्यातच सगळी मेहनत आहे.

उदाहरणासाठी एक साधी मांडणी धरू. महापे एमआयडीसीतला एक गाळा. पहिल्या मजल्यावर ऑफिस-स्विच, तळमजल्यावर गोदाम-स्विच, दोन्ही सिस्कोचे. व्हीलॅन १० ऑफिसच्या पीसींचा, २० कॅमेऱ्यांचा, ३० फोनचा. तुम्ही बसलाय ठाण्याला, वागळे इस्टेटच्या ऑफिसात, आणि व्हीपीएनवरून आधी ऑफिस-स्विचवर, तिथून पुढे गोदाम-स्विचवर पोहोचता. कमांडची नावं सिस्कोची दिली आहेत, इतर कंपन्यांच्या स्विचबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

## १. आधी वॉर्निंग कोणत्या जातीची आहे ते ओळखा

‘मिसमॅच’ म्हणून तीन वेगवेगळे प्रकार एकाच पोत्यात टाकले जातात. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. ट्रंक म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट, ॲक्सेस म्हणजे एकाच व्हीलॅनचा पोर्ट.

पहिला: दोन्ही टोकं ट्रंक, पण नेटिव्ह व्हीलॅन वेगळे. ट्रंकवर प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या पाकिटाला) व्हीलॅनच्या आकड्याचा टॅग लागतो, फक्त नेटिव्ह व्हीलॅनची फ्रेम बिनटॅगची जाते. समोरचा स्विच ती बिनटॅगची फ्रेम स्वतःच्या नेटिव्ह व्हीलॅनमध्ये टाकतो. म्हणजे इथला १ तिथे ९९ होतो. या प्रकारात सीडीपीच्या ओळीसोबत बहुतेक वेळा स्पॅनिंग ट्रीच्याही (केबलींचा गोल फेरा होऊ नये म्हणून पोर्ट अडवणारी यंत्रणा; तिचे निरोप म्हणजे बीपीडीयू) ओळी येतात: ‘रिसीव्ह्ड बीपीडीयू विथ इनकन्सिस्टंट पिअर व्हीलॅन आयडी’ आणि मागोमाग ‘ब्लॉकिंग’. स्विच त्या पोर्टवर फक्त ते दोन व्हीलॅन अडवतो. १०, २०, ३० टॅग लावून जातात, त्यांना काही होत नाही. ‘वॉर्निंग आहे पण सगळं चालतंय’ असं वाटतं ते यामुळे.

दुसरा: दोन्ही टोकं ॲक्सेस, पण व्हीलॅन वेगळे. एकीकडे १०, दुसरीकडे २०. सीडीपीची ओळ हुबेहूब तशीच येते, त्यात ‘नेटिव्ह’ हा शब्दही असतो, आणि लोक ट्रंकची सेटिंग शोधत बसतात. ॲक्सेस पोर्टवरून जाणाऱ्या बीपीडीयूमध्ये व्हीलॅनचा आकडा नसतो, त्यामुळे स्पॅनिंग ट्री काही अडवत नाही. दोन व्हीलॅन सरळ एकमेकांत मिसळतात. ऑफिसच्या पीसीला कॅमेऱ्यांच्या डीएचसीपीकडून (आयपी पत्ते वाटणारी सेवा) आयपी मिळाला, तर हा प्रकार आधी तपासा.

तिसरा: एक टोक ट्रंक, दुसरं ॲक्सेस. ‘रिसीव्ह्ड ८०२.१क्यू बीपीडीयू ऑन नॉन ट्रंक’ अशी ओळ येते आणि स्पॅनिंग ट्रीच्या यादीत पोर्टपुढे ‘टाइप_इंक’ दिसतं. पहिल्या प्रकारात तिथे ‘पीव्हीआयडी_इंक’ असतं.

> तपासणी: ‘शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स’ चालवा. ‘पोर्ट व्हीलॅन आयडी मिसमॅच’ दिसलं तर पहिला प्रकार, ‘पोर्ट टाइप इनकन्सिस्टंट’ दिसलं तर तिसरा. यादी रिकामी आणि सीडीपीची ओळ मात्र येतेय, तर दुसऱ्या प्रकाराची शंका घ्या. पोर्टवर बीपीडीयू फिल्टर (बीपीडीयू जाऊ-येऊ न देणारी सेटिंग) असेल तर पहिल्या प्रकारातही यादी रिकामी राहते, तेही बघून घ्या.

एक छोटी गोष्ट, जिच्यावर बरेच जण फसतात: एसएसएचवरून लॉगिन केलं की लॉगच्या ओळी आपोआप स्क्रीनवर येत नाहीत. ‘टर्मिनल मॉनिटर’ टाकावं लागतं, नाहीतर ‘शो लॉगिंग’ बघावं लागतं. स्क्रीन शांत आहे म्हणून वॉर्निंग गेली असं धरू नका.

## २. वायर खरंच कुठून कुठे जाते ते बघा

‘शो सीडीपी नेबर्स’ चालवा आणि त्या पोर्टपुढे किती शेजारी दिसतात ते मोजा. एका केबलला एकच शेजारी असायला हवा. दोन-तीन दिसले तर मध्ये सीडीपी न समजणारा स्विच बसलाय. सीडीपीची फ्रेम मल्टिकास्ट पत्त्यावर जाते. सिस्कोचा स्विच ती स्वतःपाशी थांबवतो, साधा अनमॅनेज्ड स्विच मात्र सगळ्या पोर्टांतून पुढे ढकलतो. गोदामात एखादं पोर्ट कमी पडलं की कोणीतरी आठ पोर्टांचा छोटा स्विच टेबलाखाली चिकटवतो आणि त्यात हाताला लागतील त्या केबल खुपसतो. मग तुमच्या लॉगमध्ये असा शेजारी येतो ज्याला तुमची केबल गेलेलीच नाही. तिथे व्हीलॅनचा आकडा बदलून काही सुटत नाही, तो डबा काढावा लागतो.

दुसरी शक्यता: वॉर्निंगमध्ये शेजारी म्हणून त्याच स्विचचं नाव आहे. मग पॅच पॅनलवर एकच कॉर्ड एकाच स्विचच्या दोन पोर्टांत लागलीय. साफसफाईनंतर किंवा बसण्याची जागा बदलल्यावर हे हमखास होतं.

> सावधान: लेबलवर विश्वास ठेवून केबल उपटू नका. आधी ‘शो इंटरफेसेस स्टेटस’ आणि त्या पोर्टचा ‘शो मॅक ॲड्रेस-टेबल इंटरफेस’ बघा. त्या पोर्टवर भरपूर मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) असतील तर ती कॉर्ड म्हणजे अख्ख्या मजल्याचा अपलिंक, म्हणजे मुख्य जोडणी आहे.

## ३. दोन्ही टोकांची नोंद काढा, कशालाही हात न लावता

दोन्ही स्विचवर या चार कमांड चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये ठेवा:

- ‘शो इंटरफेसेस गिगाबिट ०/२४ स्विचपोर्ट’ (गोदामाच्या टोकाला गिगाबिट ०/१)
- ‘शो इंटरफेसेस ट्रंक’
- ‘शो व्हीलॅन ब्रीफ’
- ‘शो रनिंग-कॉन्फिग’ मधला त्या पोर्टचा भाग

पहिल्या कमांडमध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह मोड’ आणि ‘ऑपरेशनल मोड’ अशा दोन ओळी असतात. वरची ओळ म्हणजे तुम्ही काय सांगितलं, खालची म्हणजे पोर्ट सध्या काय आहे. कॉन्फिगमध्ये नेटिव्ह ९९ स्पष्ट लिहिलंय आणि तरी वॉर्निंगमध्ये १ येतो, हे कोडं इथे सुटतं. दोन्ही टोकं ‘डायनॅमिक ऑटो’वर असतील तर दोघंही समोरच्याने सुरुवात करायची वाट बघतात, ट्रंक होतच नाही आणि पोर्ट ॲक्सेस म्हणून व्हीलॅन १ मध्ये पडून राहतो. ‘नेटिव्ह ९९’ ही ओळ ट्रंक झाल्यावरच लागू होते, तोवर ती नुसती शोभेची. दोन्हीकडे व्हीटीपी (स्विचनी व्हीलॅनची यादी एकमेकांत वाटून घ्यायची सिस्कोची पद्धत) डोमेनचं नाव वेगळं असलं तरी ही बोलणी फिसकटतात.

‘शो इंटरफेसेस ट्रंक’ घाईघाईत वाचू नका. त्यात चार तुकडे असतात आणि ते वरून खाली वाचायचे असतात. पहिल्यात मोड आणि नेटिव्ह व्हीलॅन. दुसऱ्यात परवानगी असलेले व्हीलॅन. तिसऱ्यात परवानगी असलेले आणि या स्विचवर खरोखर बनवलेले. चौथ्यात खरोखर वाहणारे. तुमचा व्हीलॅन कुठल्या तुकड्यात गळतो त्यावर दोष कळतो. दुसऱ्यातच नसेल तर परवानगीची यादी चुकलीय. दुसऱ्यात आहे पण तिसऱ्यात नाही, तर तो व्हीलॅन या स्विचवर बनवलेलाच नाही. तिसऱ्यात आहे पण चौथ्यात नाही, तर स्पॅनिंग ट्रीने अडवलाय किंवा व्हीटीपीने छाटलाय. फोनवर मदत मागताना एवढं एक आउटपुट दोन्ही टोकांचं पाठवलंत तरी समोरच्याचा अर्धा तास वाचतो.

> तपासणी: पोर्ट ईथरचॅनलचा (अनेक केबल मिळून केलेली एक लिंक) भाग आहे का? असेल तर पुढचे सगळे बदल ‘पोर्ट-चॅनल’ इंटरफेसवर करायचे. एकाच सदस्य पोर्टवर नेटिव्ह बदललात तर तो पोर्ट बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून गटातून बाजूला टाकला जातो.

## ४. कोणता आकडा बरोबर ते ठरवा

वॉर्निंग दोन आकडे सांगते, चूक कोणाची ते सांगत नाही. इथे अंदाज चालत नाही. या क्रमाने बघा.

ऑफिस-स्विचवर इतर अपलिंक असतील तर त्यांचा नेटिव्ह काय आहे? सगळीकडे ९९ आणि फक्त याच पोर्टवर १ असेल तर निकाल लागला. १ हा कारखान्यातून आलेला मूळ आकडा आहे, त्यामुळे बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘इथे कोणी सेटिंग केलंच नाही’ एवढाच असतो. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण पुढची गोष्ट बघितल्याशिवाय खात्री नाही.

स्विचचा स्वतःचा आयपी कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे? ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये ‘व्हीलॅन १’पुढे आयपी असेल आणि तुम्ही त्याच आयपीवर लॉगिन केलं असेल, तर ज्या फांदीवर बसलाय तीच तोडायची तयारी चाललीय. त्या लिंकवर बिनटॅगची आणखी कोणती उपकरणं अवलंबून आहेत, तेही बघा. वायफायचे ॲक्सेस पॉइंट बऱ्याचदा स्वतःचा आयपी बिनटॅगच्या व्हीलॅनमधून घेतात. स्विच-ते-स्विच लिंकच्या मध्ये ते नसतात, पण ॲक्सेस पॉइंटचं सेटिंग कॉपी करून अपलिंकवर चिकटवलेलं मी बरेचदा पाहिलंय.

नवीन आकडा निवडायचाच असेल तर नेटिव्हसाठी असा व्हीलॅन घ्या ज्यात एकही वापरकर्ता नाही. आपल्या उदाहरणात ९९. कारण असं की ॲक्सेस पोर्टचा व्हीलॅन आणि ट्रंकचा नेटिव्ह एकच असला तर दुहेरी टॅग लावलेली फ्रेम दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसवता येते. पण माझं मत विचाराल तर मिसमॅच सोडवायच्या दिवशीच सगळ्या इमारतीचा नेटिव्ह बदलायला घेऊ नका. आज फक्त ही एक लिंक.

ठरवलेला व्हीलॅन दोन्ही स्विचवर बनवलेला आहे ना, हे ‘शो व्हीलॅन ब्रीफ’मध्ये बघा. नसेल तर आधी बनवा.

> सावधान: लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना स्विच जोडला असेल तर आधी ‘शो व्हीटीपी स्टेटस’ बघा. व्हीटीपी १ किंवा २ मध्ये, डोमेन तेच आणि रिव्हिजन नंबर मोठा असला तर तो स्विच तुमची सगळी व्हीलॅनची यादी पुसून स्वतःची बसवू शकतो. कॉन्फिग पुसलं म्हणजे झालं असं नाही. व्हीलॅनची यादी फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’ फाइलमध्ये वेगळी राहते.

## ५. बदल करा, लांबच्या टोकापासून

लांबचं टोक म्हणजे ज्या स्विचपर्यंत पोहोचायला तुम्हाला हीच लिंक ओलांडावी लागते. आपल्याकडे गोदाम-स्विच.

समजा आधी जवळचा ऑफिस-स्विच बदलला आणि तुमचा रस्ता त्याच बिनटॅगच्या वाहतुकीतून जात होता. गोदाम-स्विच तुमच्या हातून गेला. आता ठाण्याहून कोणालातरी कन्सोल केबल (स्विचला थेट जोडून लॉगिन करायची) घेऊन ठाणे-बेलापूर रस्त्याने महापेला पाठवा. उलट, आधी लांबचं टोक बदललं आणि सेशन अडकलं, तरी जवळचा स्विच तुमच्या हातात आहे. त्यावर जुळणारा बदल केला की रस्ता परत उघडतो. चूक आकडा टाकला गेला तरी जवळचं टोक त्याला जुळवून आत जाता येतं आणि मग शांतपणे दोन्ही दुरुस्त करता येतात.

५.१ दोन्ही स्विचवर रनिंग आणि स्टार्टअप कॉन्फिग सारखं आहे का ते बघा. कोणाचं तरी न सेव्ह केलेलं काम असेल तर ते आधी निस्तरा, कारण पुढच्या पायरीत रीस्टार्टची शक्यता आहे.

५.२ लांबच्या स्विचवर ‘रीलोड इन १०’ टाका. दहा मिनिटांत तुम्ही रद्द केलं नाही तर स्विच रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. लक्षात घ्या, रीस्टार्टमध्ये त्या स्विचवरून वीज घेणारे कॅमेरे आणि फोनही बंद पडतात. सिक्युरिटीच्या माणसाला आधी कल्पना द्या, आणि माल उतरवायची वेळ टाळा.

५.३ लांबच्या स्विचवर पोर्टमध्ये जाऊन एकाच ओळीत होईल असा बदल करा. नेटिव्ह बदलायचा असेल तर ‘स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९’ एवढंच. आधी ‘नो’ लावून जुनं काढायचं आणि मग नवीन टाकायचं, हे करू नका. दोन ओळींच्या मध्येच सेशन तुटलं तर अर्धवट राहतं.

५.४ लगेच जवळच्या स्विचवर तोच बदल. दोन खिडक्या आधीच उघडून, कमांड लिहून तयार ठेवा. जे टोक आधीपासून बरोबर आहे त्याला हात लावायचा नाही. वरच्या लॉगमधल्या प्रकारात गोदामाकडे ९९ आधीच आहे, तिथे ५.३ वगळून फक्त जवळचं टोक बदलायचं. गोदामावर काहीच बदलत नाही, त्यामुळे तिथे रीलोडचा टायमर लागत नाही.

५.५ पोर्ट ॲक्सेसचा ट्रंक करायचा असेल तर दोन्हीकडे ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ स्पष्ट लिहा. ३५६० किंवा ३७५० सारख्या जुन्या स्विचवर त्याआधी ‘स्विचपोर्ट ट्रंक एनकॅप्सुलेशन डॉट१क्यू’ लागतं. २९६० वर ही कमांड नसते, ती चालली नाही म्हणून घाबरू नका. दोन्हीकडे ट्रंक उभा राहिल्यावरच ‘स्विचपोर्ट नोनिगोशिएट’ (ट्रंकबद्दलची आपोआप बोलणी बंद करणारी कमांड) टाका.

> सावधान: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ या ओळीने ३० वाढत नाही. आधीची सगळी यादी जाते आणि एकटा ३० उरतो. वाढवायचं असेल तर मध्ये ‘ॲड’ हवाच: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’. नेटिव्ह मिसमॅचने जेवढी ऑफिसं बंद पडत नाहीत तेवढी या विसरलेल्या एका शब्दाने पडतात.

आणि ज्याचा मोह सगळ्यांना होतो ते: पोर्टवर ‘नो सीडीपी एनेबल’ टाकून ओळ गप्प करणं. वॉर्निंग थांबते, व्हीलॅन मिसळलेलेच राहतात, आणि पुढच्या माणसाला दोष शोधायला काही धागा उरत नाही. बाहेरच्या कंपनीकडे जाणाऱ्या लिंकवर सीडीपी बंद ठेवणं योग्यच, पण ते दुरुस्तीच्या नावाखाली नको.

## ६. बदल लागला का ते तपासा

अर्धा मिनिट थांबा. साध्या पीव्हीएसटीमध्ये (प्रत्येक व्हीलॅनची वेगळी स्पॅनिंग ट्री) पोर्ट लिसनिंग आणि लर्निंगमध्ये प्रत्येकी १५ सेकंद घालवतो. या अर्ध्या मिनिटात ‘बंद पडलं’ म्हणून बदल उलटवणारे लोक आहेत. स्पॅनिंग ट्रीने अडवलेला पोर्ट आकडे जुळले की आपोआप सुटतो, ‘शट’ आणि ‘नो शट’ करायची गरज नाही.

मग:

- ‘शो स्पॅनिंग-ट्री इनकन्सिस्टंटपोर्ट्स’ रिकामं हवं.
- ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ दोन्हीकडे, चारही तुकडे. १०, २०, ३० चौथ्या तुकड्यात दिसायला हवेत. जास्तीची लिंक स्पॅनिंग ट्रीने मुद्दाम अडवलेली असेल तर तिच्या एका टोकाला ते दिसणार नाहीत, आणि ते ठीकच आहे.
- ‘शो सीडीपी नेबर्स डिटेल’मध्ये समोरच्याचा नेटिव्ह व्हीलॅन तुमच्याशी जुळतो का?
- लॉगमध्ये चार-पाच मिनिटं नवीन ओळ नाही ना? सीडीपी दर ६० सेकंदांनी बोलतो, त्यामुळे तेवढं थांबलं की पुरे.

स्विच सगळं ठीक म्हणाला तरी खरी परीक्षा उपकरणांची. गोदामातल्या एका पीसीचा आयपी सोडून पुन्हा घ्यायला लावा, तो व्हीलॅन १० च्याच पट्ट्यातला आला पाहिजे. आधी दुसऱ्या प्रकारचा मिसमॅच असेल तर काही पीसींकडे चुकीच्या पट्ट्यातला आयपी लीज (आयपीची मुदत) संपेपर्यंत तसाच राहतो आणि दुरुस्तीनंतर नेमके तेच बंद पडतात. तो दोष स्विचचा नाही. एक कॅमेरा एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बघा, एका फोनवरून कॉल लावा.

सगळं जुळलं की लगेच ‘रीलोड कॅन्सल’. हे विसरलात तर काम फत्ते झालं म्हणून चहाला गेल्यावर स्विच रीस्टार्ट होतो आणि सगळं पूर्वपदावर येतं.

## ७. समोर दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर

इथे वॉर्निंग मिळेलच असं नाही, कारण सीडीपी सिस्कोची स्वतःची पद्धत आहे. लॉग शांत आहे याचा अर्थ आकडे जुळलेत असा घेऊ नका. दोन्हीकडे एलएलडीपी (सीडीपीसारखीच, पण सगळ्या कंपन्यांना खुली पद्धत) चालू करता आलं तर पोर्टचा व्हीलॅन आयडी बऱ्याचदा कळतो. सिस्कोच्या बऱ्याच स्विचवर ते ‘एलएलडीपी रन’ टाकून चालू करावं लागतं.

वेबवरून सेट करायच्या स्वस्त स्विचवर एकाच गोष्टीची दोन पानं असतात. एका पानावर पोर्ट कुठल्या व्हीलॅनचा टॅग्ड किंवा अनटॅग्ड सदस्य आहे ते, दुसऱ्या पानावर पीव्हीआयडी. पहिलं पान बाहेर जाणाऱ्या फ्रेमचं काय करायचं ते ठरवतं, पीव्हीआयडी आत येणाऱ्या बिनटॅगच्या फ्रेमचं. पहिल्यावर ९९ अनटॅग्ड केलं आणि पीव्हीआयडी १ च राहिला, तर जाताना एक व्हीलॅन आणि येताना दुसरा. सिस्कोकडे नेटिव्ह ९९ असेल तर समोर ९९ अनटॅग्ड, पीव्हीआयडी ९९, आणि १०, २०, ३० टॅग्ड हवेत. व्हीलॅन १ चं अनटॅग्ड सदस्यत्व काढायचं राहून जातं, तेही बघा. मात्र त्या स्विचचं वेबपान व्हीलॅन १ वरच उघडत असेल तर थांबा. आधी मॅनेजमेंट व्हीलॅन बदला, मग १ काढा.

एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात ‘ट्रंक’ म्हणजे अनेक पोर्टांची मोळी. तिथे सिस्कोसारखा ट्रंक शोधू नका, टॅग्ड-अनटॅग्डच बघा.

## ८. सेव्ह आणि लेबल

दोन्ही स्विचवर ‘राइट मेमरी’. एका टोकावर सेव्ह केलं आणि दुसऱ्यावर राहिलं, तर पुढच्या वेळी वीज जाऊन आली की यूपीएस नसलेला गोदाम-स्विच जुन्या आकड्यावर उठतो आणि वॉर्निंग परत सुरू होते. ‘दुरुस्त केलं होतं, आपोआप परत आलं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

पोर्टवर ‘डिस्क्रिप्शन’ लिहा: समोरचा स्विच, समोरचा पोर्ट, नेटिव्हचा आकडा. केबलच्या दोन्ही टोकांना तेच लेबल लावा. गोदामाच्या दमट हवेत पेनाने लिहिलेला कागद एका पावसाळ्यात वाचेनासा होतो, तिथे छापील लॅमिनेटेड पट्टी वापरा. रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला अपलिंकची यादी चिकटवा: कुठला पोर्ट, कुठे जातो, कोणते व्हीलॅन, नेटिव्ह किती, शेवटचा बदल कोणत्या तारखेला.